दीड वर्ष, आठ हजार पानं आणि मनीचा एक केस

१० जून २०२४ ला घेतलेला इंक टँक प्रिंटर. आज डिसेंबर २०२५ आहे आणि काउंटर आठ हजार शंभरच्या पुढे गेलाय. चिपळूणला घरीच पाचवी ते दहावीच्या शिकवण्या घेते, त्यामुळे प्रश्नपत्रिका, सरावाचे कागद, भूगोलाचे नकाशे हे रोजचंच. शेजारपाजारच्यांची आधार कार्डं आणि लग्नाचे बायोडाटे वेगळे, त्यांचे पैसे मागायला जीभ रेटत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे ते बहुतेक सगळ्याच इंकजेटना, म्हणजे शाईने छापणाऱ्या प्रिंटरना, लागू पडतं, आणि सर्व्हिसवाल्यांबद्दल थोडं कडूही आहे.

छपाईचं आधी उरकते. साध्या ७५ जीएसएम कागदावर अक्षर स्वच्छ येतं, रंग कामापुरते बरे, फोटो मात्र फोटोच्या कागदावरच काढावेत. यातली काळी शाई पिगमेंटची, म्हणजे पाण्यात तरंगणारे रंगाचे बारीक कण. बाकीचे तीन रंग डायचे, पाण्यात विरघळलेले. खोक्यावर हे वाचलं होतं, पण कळलं ते त्या जुलैत. सातवीतली एक मुलगी नकाशा वहीत घालून पावसात भिजत घरी गेली. दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन आली तेव्हा अरबी समुद्र पार सोलापूरपर्यंत पसरला होता, आणि त्या निळ्यात ‘सोलापूर’ ही काळी अक्षरं जशीच्या तशी. तेव्हापासून महत्त्वाचं काही असलं की काळ्यातच काढते.

पहिलं वर्ष तक्रार अशी नव्हतीच. पावसाळ्यात एकाच वेळी दोन-तीन कागद आत ओढायचा, पण तो दोष प्रिंटरचा नाही, आमच्या हवेचा. रीम फोडून तशीच ठेवली की कागद दमट होतो, एकमेकांना चिकटतो. आता ट्रेमध्ये वीस-पंचवीसच कागद ठेवते, बाकीचे प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून कपाटात. पुढे दिवाळीच्या सुमाराला उलटंच झालं, कागद उचलेना. नुसता घरघर करायचा आणि ‘कागद संपला’ म्हणायचा. कागद ओढणाऱ्या रबरी रोलरवर कागदाची भुकटी बसून तो गुळगुळीत झाला होता. साध्या पाण्यात ओलं करून घट्ट पिळलेलं सुती फडकं रोलर फिरवत फिरवत लावलं. फडक्यावर पांढरट करडा पट्टा उठला आणि प्रिंटर सुरळीत. एवढ्यासाठी माणूस बोलावू नका.

खरी गोष्ट मे २०२५ ची. २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर कंबरेच्या वर पाणी होतं. त्यानंतर विजेवर चालणारं काहीही आम्ही खाली ठेवत नाही. म्हणून प्रिंटर वरच्या खोलीत, पश्चिमेच्या खिडकीपाशी. पुरापासून सुरक्षित, पण दुपारचं ऊन थेट अंगावर. त्यात पुण्याला जायच्या गडबडीत मी शेवटचा कागद निघाल्या निघाल्या भिंतीवरचं बटण बंद केलं, प्रिंटरचा दिवा अजून लुकलुकत होता. वीज जाते-येते, विजा पडतात, म्हणून शहाणपणाने केलं. तेच नडलं.

इंकजेटचं हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, काम संपलं की उजव्या कोपऱ्यात जाऊन एका रबरी टोपणावर बसतं. त्याची छिद्रं केसापेक्षाही बारीक असतात. ती उघडी राहिली तर शाईतलं पाणी उडून जातं आणि रंग आत सुकतो. प्रिंटर स्वतःच्या बटणाने बंद केला की तो आधी हेड जागेवर नेतो आणि मग झोपतो. मी त्याला रस्त्यातच झोपवला, आणि वर सहा आठवडे उन्हाच्या खिडकीत.

१४ जूनला परत आले. नोझल चेक, म्हणजे सगळी छिद्रं चालतात का ते बघायचा पायऱ्या-पायऱ्यांच्या रेघांचा नमुना, काढला तर पिवळा अजिबात नाही, काळ्याच्या पायऱ्या मध्ये मध्ये तुटलेल्या. शाळा सोमवारी उघडायची, माझ्या पन्नास प्रश्नपत्रिका बाकी. मग मी तेच केलं जे सगळे करतात. हेड क्लीनिंग, म्हणजे शाई खेचून छिद्रं मोकळी करायची प्रिंटरचीच सोय. नाही आलं, पुन्हा क्लीनिंग. सहा वेळा. टाकीतली पातळी डोळ्यांदेखत उतरली आणि सहाव्या नोझल चेकला निळाही तुटका यायला लागला! नंतर मॅन्युअल उघडलं. त्यात स्वच्छ लिहिलंय की तीन वेळा करूनही फरक नसेल तर थांबा, निदान १२ तास काही छापू नका. जोरदार सफाईचा वेगळा पर्याय आहे, पण त्यासाठी प्रत्येक टाकी निदान एक तृतीयांश भरलेली हवी, नाहीतर नळीत हवा शिरते. हे आधी वाचलं असतं तर.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. वॉरंटी संपून चार दिवस झाले होते. माणूस आला, झाकण उघडलं, एक नोझल चेक काढला आणि पाच मिनिटांत निदान केलं, ‘मॅडम, हेड गेलं.’ नवीन हेडचा जो आकडा सांगितला तो प्रिंटरच्या निम्म्या किमतीच्या जवळ जाणारा. टोपणाकडे, हेड पुसणाऱ्या वायपरकडे त्याने बघितलंही नाही. भेटीचे पैसे घेऊन गेला.

बाजारपेठेत आमचे एक झेरॉक्सवाले काका आहेत. त्यांच्याकडे असे तीन प्रिंटर दिवसभर चालतात. त्यांना म्हटलं, ‘काका, हेड गेलंय म्हणतात.’

‘क्लीनिंग किती वेळा मारलंत?’

‘सहा.’

‘मग ती शाई हेडला नाही, खालच्या फोमला पाजलीत तुम्ही. टोपण बघितलंत का?’

नव्हतं बघितलं. त्यांनी सांगितलेलं तसंच्या तसं केलं. गाडीच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं (नुसतं पाणी, ॲसिड नव्हे, दुकानदाराला दोनदा विचारून घ्या) आणि औषधाच्या दुकानातून बिनसुईची सिरिंज. छपाई चालू केली, हेड मधोमध आल्यावर वायर काढली, म्हणजे ते हाताने अलगद सरकतं. एरवी कोपऱ्यात अडकलेलं असतं, तेव्हा ओढू नका. हेड डावीकडे सारून मोबाइलच्या उजेडात कोपऱ्यात बघितलं. टोपणाच्या रबरी कडेवर काजळासारखा सुकलेला थर, आणि त्या थरात आडवा रुतलेला एक पांढरा केस. आमच्या मनीचा. बाईसाहेब दुपारच्या उन्हात प्रिंटरवर ताणून देतात, हे मला माहीत होतं, तिचा पाहुणचार आतपर्यंत पोचला असेल हे नव्हतं.

क्लीनिंगच्या वेळी टोपण हेडला खालून घट्ट बसतं आणि पंप त्यातून शाई खेचतो. कड जर केसाने आणि पापुद्र्याने उचललेली असेल तर पंप बाजूची हवाच ओढणार. म्हणजे सहा वेळा क्लीनिंग करून मी जी ताकद लावली त्यातली निम्मी तरी हवेवर. केस चिमट्याने काढला. कड ओल्या कापसाच्या काडीने पुसली, दहा-बारा काड्या काळ्या झाल्या. शेजारची वायपरची रबरी पट्टी पुसली. मग टोपणातल्या स्पंजवर पाच-सहा थेंब पाणी सोडलं, हेड त्यावर सरकवून ठेवलं आणि रात्रभर तसंच. सकाळी चालू करून एकच क्लीनिंग. पिवळा आला. इतका आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता. काळ्याच्या दोन पायऱ्या संध्याकाळपर्यंत आल्या.

उत्साहाच्या भरात मी एक घोळही घातला. आतून सगळं पुसताना हेडच्या मागची आडवी पारदर्शक पट्टी टिश्यूने पुसली, आणि त्या टिश्यूला हेड ज्यावर सरकतं त्या दांड्याचं ग्रीस लागलेलं. त्या पट्टीवर डोळ्याला जेमतेम दिसतील अशा बारीक रेघा असतात, हेड कुठे आहे ते प्रिंटर त्यांवरून मोजतो. ग्रीस लागल्यावर त्याचा हिशेब चुकला, उभ्या रेघा दुहेरी आल्या आणि हेड धाडकन डाव्या भिंतीला आदळलं. जेमतेम ओल्या मऊ कापडाने पट्टी दोन बोटांत धरून हलकेच पुसल्यावर सावरला. सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हर असलं काही तिथे नेऊ नका, रेघाच पुसल्या जातील. दांड्याला शिवणयंत्राचं तेल द्या असा सल्लाही मला मिळाला होता, नाही दिलं. त्यावर धूळ बसून चिखल होतो.

नवीन घेणाऱ्यांनी दुकानात एक गोष्ट जरूर विचारावी. क्लीनिंगची वाया गेलेली शाई जाते कुठे? प्रिंटरच्या पोटात एक फोम असतो, तो ती पितो, आणि प्रिंटर अंदाजाने मोजत असतो. मोजणी भरली की छपाई बंद. काही मॉडेलमध्ये हा डबा आपल्यालाच बदलता येतो, माझ्यात नाही. सॉफ्टवेअरने काउंटर शून्यावर आणून देणारे बाजारात पुष्कळ आहेत, पण काउंटर शून्य झाला म्हणून फोम कोरडा होत नाही. काकांच्या एका प्रिंटरखाली टेबलावर पसरलेला काळा डाग मी बघितलाय.

आता दर सोमवारी आठवड्याचं वेळापत्रक छापते, त्यात चारही रंगांची एकेक पट्टी घातलीय. छपाई चालू असताना लाईट गेली तर आल्यावर एकदा चालू करून त्याच्या बटणाने बंद करते, म्हणजे हेड टोपणावर जाऊन बसतं. शाई खालच्या रेषेला टेकायच्या आत भरते. यापलीकडे काही नाही, जूननंतर क्लीनिंग दोनदाच लागली.

चार स्टार देते. पुन्हा घेईन का, तर शिकवण्या आहेत तोवर हाच. महिन्याला दहा-पंधरा पानं काढणाऱ्या घरात मात्र लेझर बरा, टोनर म्हणजे पूड, ती सुकत नाही. माझ्या नणंदेला तेच घ्यायला लावलं.

प्रिंटर आता खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीला, वरून जुन्या ओढणीचं आच्छादन. त्याचं मूळ खोकं वॉरंटीसाठी जपून ठेवलं होतं, ते खिडकीपाशी आहे. मनी त्यात झोपते.