नमुना आणलाय का?

गळका नळ निमित्त झाला, नाहीतर इतकं लिहायच्या फंदात पडलो नसतो. घराजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात आठ महिने जातोय. पहिले दोन महिने मालकावर नुसता चिडून होतो. काहीही मागा, त्यांचं एकच पालुपद: "नमुना आणलाय का?"

नळाचे आटे टेपने मोजून गेलो होतो. 21 मिलिमीटर. "असा नसतो. अर्धा इंची असेल. जुना काढून आणा." गिऱ्हाइकाशी बोलायची ही पद्धत? घरी येऊन ऑनलाइन मागवला. 21 म्हणजे पाऊण इंचाच्या जवळपास, हा माझा हिशेब. आला तो बसेचना. अर्ध्या इंचाच्या आट्यांचा बाहेरचा व्यास 21 च्या आसपास असतो, पाऊण इंचाचा 26 च्या वर. मूळ माप पाइपाच्या आतल्या पोकळीवरून पडलेलं. हे तेव्हा कळलं. परत पाठवायची मुदतही हुकली होती, ते दुखणं वेगळंच.

तिसऱ्या महिन्यात दुसरा नळ गळायला लागला. या वेळी मुकाट्याने जुना वायसर खिशात घालून गेलो. काकांनी तो ट्यूबलाइटखाली धरला, कडेवरून नख फिरवलं. एकाच जागी चीर होती. "हा तिसरा असेल ना?" खरंच तिसरा होता. "वायसरचा दोष नाही. आत तो ज्यावर बसतो ती कड खाल्लीय. नवा घातला तरी तिथंच कापला जाणार." नवा नळ गळ्यात मारता आला असता. त्याऐवजी कड घासायचं हत्यार दोन दिवसांसाठी दिलं, अनामत न घेता. पाच महिने झाले, थेंब नाही.

म्हणून राग गेला? अर्धाच. बिल मागितलं की अजूनही कपाळाला आठ्या पडतात, पाकिटामागे आकडे लिहून देतात. बंद पाकीट बदलून मिळतं, पण काकांना माझा चेहरा आठवला तरच. आणि ते नसताना जाऊ नका. काउंटरवरचा मुलगा गोड बोलतो, नमुना मागत नाही, आणि गरम पाण्याच्या सीपीव्हीसी पाइपाला साध्या पीव्हीसीचं चिकटवायचं सोल्युशन देऊन मोकळा होतो.

परवा दाराची बिजागरी आठवणीने काढून नेली, ऐटीत काउंटरवर ठेवली. काकांनी उलटीपालटी करून पाहिली.

"याचा स्क्रू कुठंय?"