लायझिंग एन्झाइम: भुकटी चांगली, पण लॉट तपासूनच घ्यावा

ॲस्परजिलस नायगर या बुरशीत बाहेरचे जनुक घालायचे असेल, तर सहसा आधी तिची पेशीभित्तिका उतरवून प्रोटोप्लास्ट, म्हणजे भित्तिका नसलेल्या पेशी, मोकळे करावे लागतात. या कामासाठी आम्ही ट्रायकोडर्मा हार्झिॲनम या दुसऱ्या बुरशीपासून काढलेले लायझिंग एन्झाइम दोन वर्षे वापरत आहोत. भित्तिका ग्लुकान, कायटिन आणि प्रथिने यांनी विणलेली असल्यामुळे एकट्या शुद्ध एन्झाइमला ती दाद देत नाही. या भुकटीत ग्लुकानेज, कायटिनेज, सेल्युलेज आणि प्रोटिएज एकत्र असतात, हेच तिचे बळ आहे.

चौदा तास वाढवलेले कोवळे तंतू १.२ मोलार मॅग्नेशियम सल्फेटमध्ये घेऊन, सामू ५.८ ठेवून, दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम भुकटी घातली आणि ३० अंश सेल्सिअसला संथपणे हलवत ठेवले, तेव्हा पहिल्या डबीने अडीच तासांत उत्तम काम केले. सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंच्या टोकांतून गोल, चकचकीत पेशी निसटताना दिसत होत्या, आणि स्लाइडवर ऊर्ध्वपातित पाण्याचा थेंब सोडताच त्या पटापट फुटल्या. भित्तिका खरोखर उतरल्याची याहून सोपी खूण नाही. (जुने, रात्रभराहून अधिक वाढलेले तंतू घेतल्यास मात्र दोष एन्झाइमला देऊ नये.)

तक्रार आहे ती दुसऱ्या डबीबद्दल. लॉट (उत्पादनाची खेप) वेगळा, वजन आणि कृती तीच, तरी तीन तासांनंतरही बहुतेक तंतू जसेच्या तसे होते. वेळ पाच तासांवर नेली, तर आधी सुटलेले प्रोटोप्लास्टच फुटू लागले, ज्याचे कारण बहुधा मिश्रणातील प्रोटिएज असावे. पुरवठादाराने डबी बदलून दिली, पण तोवर पंधरवडा वाया गेला होता. आता नव्या लॉटचा लहान नमुना आधी मागवून, दर अर्ध्या तासाने थेंब तपासून, मगच मोठी डबी घेतो.

यीस्टवर काम करणाऱ्यांनी हे घेऊ नये. तिथे डीटीटी या भित्तिका सैल करणाऱ्या रसायनाची पूर्वप्रक्रिया करून झायमोलेज हे यीस्टची भित्तिका विरघळवणारे एन्झाइम वापरणेच सोयीचे. भुकटी ओल धरते, म्हणून फ्रिजमधून काढलेली डबी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, आणि द्रावण ऑटोक्लेव्ह (दाबाखालील वाफेने निर्जंतुक) न करता ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळावे.