माजघरातली श्रीमंती : राजा दिनकर केळकर संग्रहालय, पुणे

पुण्याच्या शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्यालगत असलेले राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहायला जाताना राजेरजवाड्यांच्या थाटाची अपेक्षा ठेवू नये. शस्त्रे येथेही आहेत. पण या संग्रहाचे खरे मोल माजघर, स्वयंपाकघर आणि देवघर यांतल्या वस्तूंत आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी १९२० च्या सुमारास या वस्तू जमवायला सुरुवात केली, पत्नी कमलाबाईंच्या साथीने संग्रह वाढवत नेला आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्याला देऊन १९७५ मध्ये तो राज्य शासनाच्या स्वाधीन केला.

सर्वाधिक वेळ अडकित्ते आणि वज्री यांच्यासाठी राखून ठेवावा. सुपारी कातरायला दोन पाती आणि एक खीळ एवढे पुरते. तरीही कारागिरांनी त्यातून पक्षी घडवले, घोडे घडवले, स्त्रीपुरुषांची जोडपीही घडवली. वज्रीचे तर त्याहून नवल वाटते. टाचा घासण्याची ही वस्तू, म्हणजे तिचा खालचा भाग खरखरीत असला की काम भागले. पण वरच्या बाजूला पशुपक्ष्यांच्या आकृती इतक्या निगुतीने ओतलेल्या आहेत की, न्हाणीघरात हे कौतुक पाहणार तरी कोण होते, असा प्रश्न पडावा. भंगारात गेल्या असत्या अशा वस्तूंची पारख केळकरांना होती, आणि एका माणसाच्या या आवडीनिवडीमुळेच सरकारी संग्रहालयांतला कोरडेपणा येथे जाणवत नाही.

दिवे, वाद्ये, कोरीव दरवाजे आणि पैठणच्या चित्रकथी शैलीतील चित्रे यांपैकी वाद्यांचा विभाग संगीताची थोडीफार जाण असणाऱ्याला गुंतवून ठेवील. मस्तानी महालाविषयी मात्र माझे मत जरा वेगळे आहे. कोथरूडच्या मूळ महालाचे अवशेष आणून त्याची येथे पुनर्रचना केलेली आहे. ते काम वाखाणण्याजोगे असले, तरी मूळ जागेपासून तुटलेल्या त्या दालनापेक्षा शेजारचे साधे पानाचे डबे मला त्या काळाबद्दल अधिक सांगतात.

उणीव आहे ती जागेची. सुमारे २० हजार वस्तूंपैकी थोड्याच वस्तू मांडता येतात आणि मांडलेल्याही दाटीवाटीने बसवाव्या लागतात. अडकित्त्यांसारख्या बारीक कामाच्या वस्तूंना भोवताली मोकळी जागा मिळाली असती, तर त्या अधिक खुलल्या असत्या. बरोबर आजी किंवा मावशी असल्यास स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा उपयोग त्याच समजावून सांगतील, मात्र इमारत मजल्यांची असल्याने गुडघ्यांचा विचार आधी करावा. शनिवारवाडा पाहून झाल्यावर उरलेल्या अर्ध्या तासात उरकण्याचे हे ठिकाण नव्हे. निदान दोन तास हाताशी ठेवून जावे आणि मस्तानी महाल शेवटी पाहावा.