सफाई कामगारांचे वेतन: महिन्याने, पंधरवड्याने की आठवड्याने?

नगरपरिषदेच्या कायम सफाई कामगारांचा पगार महिन्याने होतो आणि तो तसाच राहावा, कारण त्यांच्या पतसंस्थेच्या हप्त्यांपासून विम्याच्या कपातीपर्यंत सगळे महिन्याशी बांधलेले असते. खरा निर्णय घ्यायचा आहे तो ठेक्यावरच्या कामगारांबाबत, आणि तोही निविदेच्या अटी लिहितानाच.

2019 च्या वेतन संहितेनुसार मालकाला रोज, आठवडा, पंधरवडा किंवा महिना यांपैकी वेतनाचा कालावधी ठरवता येतो. महिन्याचे वेतन पुढील महिन्याच्या 7 तारखेच्या आत, पंधरवड्याचे तो संपल्यावर दोन दिवसांत, तर आठवड्याचे साप्ताहिक सुट्टीपूर्वीच्या शेवटच्या कामाच्या दिवशी द्यावे लागते. स्थानिक संस्थेच्या स्वतःच्या आस्थापनेला ही तरतूद सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय लागू होत नाही. ठेकेदाराला मात्र ती लागू आहे.

आता हिशेब पाहू. 1 जानेवारीला पहाटे घंटागाडीवर चढलेल्या कामगाराला त्या दिवसाचा रोज मासिक पद्धतीत 7 फेब्रुवारीला, म्हणजे 37 दिवसांनी मिळू शकतो. पंधरवड्याच्या पद्धतीत हीच वाट जास्तीत जास्त 16 दिवसांची होते आणि आठवड्याच्या पद्धतीत सोमवारचा रोज शनिवारी हाती पडतो. मधले दिवस किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीवर निघतात, आणि तेवढ्याने भागले नाही की उचल घ्यावी लागते. समजा, रोज 600 रुपये आहे आणि कामगाराने महिना शेकडा 10 दराने 3,000 रुपये उचलले, तर अर्ध्या दिवसाची मजुरी दरमहा नुसत्या व्याजात जाते.

साप्ताहिक पद्धतीचा आणखी एक फायदा कार्यालयात बसून सहसा लक्षात येत नाही. मस्टरवर चुकून खाडा लागला असेल, तर शनिवारी मुकादम आणि कामगार दोघांनाही मंगळवारची हजेरी आठवते. महिन्यानंतर त्यावर नुसता वाद होतो. मात्र दर आठवड्याला पगारपत्रक करायचे, बँकेत यादी पाठवायची आणि महिनाअखेरीस अर्धवट तुटणारा आठवडा जुळवायचा, हे काम एका लिपिकावर चालणाऱ्या विभागाला झेपणारे नाही. भविष्य निर्वाह निधीचा भरणा तर कोणत्याही पद्धतीत महिन्यालाच राहतो.

म्हणून माझा कौल पंधरवड्याला आहे. ठेकेदाराचे देयक महिन्याने निघणार असल्याने पहिला पंधरवडा त्याला पदरच्या पैशाने भागवावा लागेल आणि तो हा बोजा दरात धरेल, हे गृहीत धरावे. ‘बिल निघाले नाही’ ही सबब पगार थांबवण्यास चालणार नाही, अशी अट निविदेत स्पष्ट असावी. कारण ठेकेदाराने वेतन थकवले, तर ते देण्याची जबाबदारी अखेर काम करून घेणाऱ्या संस्थेवरच येते. वेतनाच्या तारखा 2 आणि 17 ठेवाव्यात, आणि त्या दिवशी बँक बंद असेल तर रक्कम आदल्या दिवशीच खात्यात जमा व्हावी.