सिरॅमिक कोटिंग म्हणून लावलं भलतंच

घरी येऊन गाडीला सिरॅमिक कोटिंग (म्हणजे रंगावर बसणारा पारदर्शक, कडक संरक्षक थर) करून देणाऱ्या एका माणसाने मला व्यवस्थित गंडवलं. कोण, कुठला ते लिहीत नाही. त्याची पद्धत लिहितो.

गाडी मी स्वतःच धुतो, अधूनमधून हाताने वॅक्सही लावतो. काळ्या रंगावर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे दिसायला लागले होते. ते घालवून वर कोटिंग करायचं, एवढंच काम. त्याने बॉनेटवर मधोमध मास्किंग टेप लावली, एका बाजूला पांढरट काहीतरी घासलं, पुसलं आणि टेप ओढून काढली. एकीकडे चरे तसेच, दुसरीकडे औषधालाही नाही! मग तिथेच मार्करने रेघ मारून कोरड्या कपड्याने पुसून दाखवली. "नाइन एच आहे साहेब, हिऱ्याच्या खालोखाल कडक. चावीनेही चरा पडणार नाही."

धादांत खोटं. ९एच हे माप शिसपेन्सिलींचं आहे. थरावर ठरावीक दाबाने पेन्सिल ओढतात आणि कुठल्या पेन्सिलीने चरा पडतो ते बघतात. हिऱ्याशी त्याचा संबंध नाही. हिरा १० नंबरवर असतो तो मोह्सच्या, म्हणजे खनिजांचा कडकपणा मोजणाऱ्या मोजपट्टीवर. चावी कुठल्याही कोटिंगला भारी पडते. मार्कर तर ताज्या वॅक्सवरूनही पुसला जातो. पाण्याचे टपोरे थेंब दाखवतात, तेही वॅक्सवर तसेच उभे राहतात.

आणि ते पांढरट? ग्लेझ. त्यातले तेलकट घटक चऱ्यांमध्ये भरून बसतात, चरे दिसेनासे होतात, जात नाहीत. खरे घालवायचे तर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, किंचित घासावा लागतो. तो मुळात जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणून जाणकार माणूस हे काम सावकाश करतो. आमच्या पाहुण्याने अख्खी गाडी जेवणाच्या वेळेआधी उरकली. रंगात रुतलेला कचरा ओढून काढणारा क्ले बार फिरवलाच नाही. कपडा फरशीवर पडला, तो नुसता झटकला आणि त्याच दारावर पुन्हा घासायला घेतला! मी टोकलं तर म्हणे, "मायक्रोफायबर आहे, काही होत नाही." फायबरमध्ये अडकलेली वाळू काय करते हे गाडी धुणाऱ्या कुणालाही विचारा.

कोटिंगची बाटली साधारण ३० ते ५० मिलीची असते. ॲप्लिकेटरवर थेंब टाकून छोट्या छोट्या भागात आडवं-उभं लावायचं, थोडं थांबायचं, मग पुसायचं. त्यानंतर निदान १२ ते २४ तास पाणी लागू द्यायचं नाही. हा बाबा मोठ्या स्प्रेच्या बाटलीतून फवारत होता, आणि निघताना सांगून गेला, उद्या धुतली तरी चालेल.

थोड्याच धुण्यांत सगळे चरे परत हजर. वर दारावर नवे, गोल गोल. फोन केला तर आधी "तुमचा शॅम्पू चुकीचा", मग "मेंटेनन्सचे वेगळे पैसे भरा, तरच वॉरंटी", मग फोनच बंद.

असं प्रात्यक्षिक कुणी दाखवलं तर त्याच जागेवर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याचं मिश्रण मारून त्यालाच पुसायला सांगा आणि टॉर्च तिरपा धरून बघा. ग्लेझ असेल तर तेलकटपणा निघतो आणि चरे बहुधा तिथेच वर येतात. कोटिंगआधी हे पुसणं एरवीही करावंच लागतं, त्यामुळे खरं काम करणाऱ्याला त्यात वावगं वाटायचं कारण नाही. जो "रंग खराब होईल" म्हणून हात धरतो, त्याला तिथूनच नमस्कार करा. बाटली सीलबंद आणावी, तुमच्यासमोर फोडावी. सगळे पैसे त्याच दिवशी देऊ नका. काही रक्कम पहिल्या-दुसऱ्या धुण्यानंतर देण्याचं आधीच ठरवा.

वॉरंटी कार्ड माझ्याकडे अजून आहे. शिक्का आहे, सही आहे, पाच वर्षांची मुदतही ठळक अक्षरात आहे. कोटिंगचं नाव आणि बॅच नंबर लिहायची जागा मात्र कोरी. कार्ड हातात आलं की आधी तेवढी बघा.