धरमपेठेतला बोलायला शिकवणारा वर्कशॉप

मागच्या शनिवार-रविवारी नागपूरच्या धरमपेठेत पब्लिक स्पीकिंगचा वर्कशॉप केला आणि खरं सांगतो, चारचौघांत इतकं मोकळं मी आजवर कधी बोललो नव्हतो. सर स्वतः पुस्तकं लिहितात पण पहिल्या तासात स्वतःचं कौतुक न करता लोकांना बोलायला शिकवणाऱ्या अमेरिकन लेखक डेल कार्नेगीची गोष्ट सांगितली, अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या शेतकऱ्याचा पोरगा, आधी सेल्समनगिरी केली, मग 1912 मध्ये न्यूयॉर्कच्या वायएमसीए या तरुणांसाठीच्या संस्थेत संध्याकाळचे क्लास घ्यायला लागला, एकदा शिकवायचं मटेरियलच संपलं तर लोकांना म्हटलं, तुम्हाला राग आला अशा गोष्टीवर बोला, आणि लोक भीती विसरून बोलायला लागले. तेच आमच्याकडून करून घेतलं. माझ्या बाजूच्या काकू सकाळपासून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या, गेटसमोर गाडी लावणाऱ्या शेजाऱ्यावर बोलायला उभ्या राहिल्या तर थांबेचनात राजेहो! अंगावर काटा आला माझ्या.

हॉलचा कूलर मात्र बंद, मे महिन्यात नागपुरात दुपारी असं बसवायचं म्हणजे अतिच, आयोजकांनी हे बघायलाच हवं होतं. पुस्तक घ्या म्हणून कोणी मागे लागलं नाही हे फार आवडलं. पुढची बॅच लागली की बहिणीला पाठवणार, ती इंटरव्ह्यूला गेली की गप्पच होते.