चिनी नऊ प्रकृती की कोरियन चार, कोणती धरायची?

वात-पित्त-कफाची टेस्ट करून झाली की बरेचजण चिनी किंवा कोरियन प्रकृतीकडे वळतात आणि तिथे गोंधळतात, कारण दोन्हीकडे यिन-यांग (यिन म्हणजे शरीरातली थंड-ओली बाजू, यांग म्हणजे गरम), दोन्हीकडे जिनसेंग हे औषधी मूळ, दोन्हीकडे आलं, मग वाटतं एकच असणार. खरी गोम इथे आहे की चिनी पद्धतीत तुमची प्रकृती बदलू शकते, आणि कोरियन पद्धतीत जी घेऊन जन्माला आलात तीच शेवटपर्यंत.

चिनी नऊ प्रकार बीजिंगचे चिनी वैद्यकातले प्राध्यापक वांग ची यांनी मांडले आणि 2009 मध्ये ते तिकडे स्टँडर्ड म्हणून आले. एक संतुलित, बाकी आठ कुठेतरी झुकलेल्या: 'ची' कमी ('ची' म्हणजे आपल्या प्राणशक्तीच्या जवळपासची कल्पना), यांग कमी म्हणजे थंडीवाले, यिन कमी म्हणजे आतून कोरडे आणि गरम, मग कफ-ओलावा, ओलावा-उष्णता, रक्त साकळणं, 'ची' अडकणं आणि शेवटची ॲलर्जीवाली. फॉर्ममध्ये 60 प्रश्न, सगळे गेल्या वर्षभराबद्दल, 'कधीच नाही' ला 1 आणि 'नेहमी' ला 5.

मी यांग कमीवाले सात प्रश्न नीट बसून सोडवले. हातपाय गार पडतात का, पोट-पाठ-गुडघ्यात गारवा जाणवतो का, एसी-पंखा सोसत नाही का, गार खाल्लं की त्रास होतो का, असे. बेरजेतून 7 वजा करायचे, 28 ने भागायचं, 100 ने गुणायचं, आणि 40 किंवा वर आलं की तुम्ही त्या प्रकारातले. आता बघा, सातही प्रश्नांना नुसतं 'कधीकधी' म्हटलं तरी बेरीज 21 आणि स्कोअर 50, म्हणजे शिक्का बसला! म्हणून एकाच माणसाला दोन-तीन प्रकृती निघतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, आणि 30 ते 39 असेल तर ते फक्त 'कल' धरतात. मला हे आवडतं कारण वर्षभराने परत फॉर्म भरून फरक पडला का ते बघता येतं. चीनमध्ये 65 च्या पुढच्या लोकांसाठी 33 प्रश्नांचा छोटा फॉर्मसुद्धा आहे.

कोरियन पद्धतीचं नाव सासांग, ती कोरियन वैद्य ली जे-मा यांची, 1894 च्या ग्रंथातली. तिचे चार प्रकार: थेयांग, थेउम, सोयांग, सोउम. इथे बघतात कोणता अवयव जोरदार आणि कोणता कमजोर, म्हणजे थेउमचं यकृत जोरदार आणि फुफ्फुसं कमजोर, सोउमची मूत्रपिंडं जोरदार पण पचन नाजूक. थेयांग फारच क्वचित सापडतात. अंगाची ठेवण, स्वभाव, घाम, सगळं धरतात, आणि घामाचा मुद्दा तर मला फार पटला: थेउम माणसाला छान घाम आला की तब्येत ठीक, आणि सोउमला तसाच भरपूर घाम आला तर वैद्य काळजी करतात. हे ऑनलाइन क्विझवर ठरवू नका, समोर बसलेला जाणकार लागतो.

तर हातपाय गार आणि पोट नाजूक असलेला माणूस एकीकडे 'यांग कमी' आणि दुसरीकडे बहुतेक 'सोउम' निघेल, आलं-जिनसेंग दोघेही सांगतील. झोप, जेवण, कपडे यात काय बदलू हे हवं असेल तर चिनी फॉर्म घ्या, घरबसल्या होतो. आयुष्यभर कोणतं अन्न मानवेल याचा विचार करायचा असेल आणि चांगला कोरियन वैद्य गाठता येत असेल तर सासांग. दोन्ही एकत्र करून काय खायचं-टाळायचं याची यादी स्वतःच बनवू नका. आणि दोन्हीमागचा वैज्ञानिक पुरावा अजून तोकडा आहे, त्यामुळे थायरॉईड, शुगर, हिमोग्लोबिनच्या टेस्ट आधी करा, हातपाय गार पडण्याचं कारण कधीकधी तिथेच सापडतं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. थेउम लोकांना वजनासाठी देतात त्या काढ्यात माहुआंग म्हणजे इफेड्रा असतं, त्याने ठोके आणि बीपी वाढतं, अमेरिकेने 2004 मध्ये इफेड्राच्या सप्लिमेंट्सवर बंदी घातली ती यामुळेच. बीपीची गोळी चालू असेल तर तो काढा ऑनलाइन मागवूच नका.